मौरित्सिओ कात्तेलान : कलाशाळेची पायरी न चढलेला हा माणूस नक्की शिकला तरी काय?

कोपऱ्यातला (धागाकर्ता)

मंडळी,

भिंतीला चिकटवलेल्या, लाखो डॉलरला विकल्या गेलेल्या केळ्याची बातमी आली की दर वेळी तेच विनोद होतात आणि विषय संपतो. विनोद करायला माझी ना नाही. पण त्या केळ्यामागच्या माणसाबद्दल मराठीत फारसं काही सापडत नाही, म्हणून हा धागा.

मौरित्सिओ कात्तेलान, इटालियन कलावंत, जन्म १९६०, इटलीतलं पादुआ. वडील ट्रक चालवायचे, आई लोकांच्या घरी साफसफाईची कामं करायची. कलेचं शिक्षण शून्य. लहान वयातच मिळेल ते काम धरलं, त्यात शवागारातली नोकरीही आली. ऐंशीच्या दशकात फोर्ली नावाच्या गावात फर्निचर बनवत होता. तिथून दहाएक वर्षांत न्यूयॉर्क, पुढे गुगेनहाइम संग्रहालयात अख्ख्या कारकिर्दीचं प्रदर्शन.

तो रंगवत नाही. मूर्ती स्वतः घडवत नाही. मेणाचे पुतळे दुसरा करतो, संगमरवर तिसरा कोरतो, फोटो चौथा काढतो. 'स्वयंशिक्षित' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रात्र रात्र जागून हात बसवणारा माणूस येतो. याने हात बसवलाच नाही. मग शिकला काय?

माझं मत आधीच सांगून टाकतो. तो एकच गोष्ट शिकला : कामातून सुटका कशी करून घ्यायची. सुरुवातीची कामं बघा.

१९८९, बोलोन्या, पहिलंवहिलं एकट्याचं प्रदर्शन. दाखवण्यासारखं काही नाही. दाराला कुलूप आणि वर पाटी : 'आत्ता येतो'.

१९९१. पुन्हा प्रदर्शन तोंडावर, पुन्हा हातात काही नाही. पठ्ठ्या पोलीस चौकीत गेला आणि गाडीतून आपली अदृश्य कलाकृती चोरीला गेल्याची तक्रार नोंदवून आला. तक्रारीचा तो शिक्का मारलेला कागद चौकटीत घालून टांगला.

१९९२, रिव्हाराचा किल्ला. चादरींना गाठी मारून केलेली दोरी खिडकीतून खाली सोडलेली. कैदी पळतात तशी.

१९९३, व्हेनिस बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कला-प्रदर्शन). आयुष्यात एकदा मिळाली तर मिळणारी जागा त्याने एका जाहिरात कंपनीला भाड्याने दिली. तिथे अत्तराची जाहिरात झळकली. कामाचं नाव : 'काम करणं हा वाईट धंदा आहे'.

आळशी माणूस एवढ्या खटपटी करत नाही, असं मला वाटतं. तुम्हाला?

---

चिवडा

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न नाही, वेफर्स आणलेत. केळ्याचे.

---

तिरकस

कोपऱ्यातले साहेब, लेख छान, पण तुम्ही फारच प्रेमात आहात. बापाकडे पैसा नव्हता, शिक्षण नव्हतं, मान्य. पण 'काम नाही म्हणून पाटी लावली' ही गोष्ट यशस्वी झाल्यावरच गोड वाटते. त्या वर्षी इटलीत आणखी शंभर जणांनी कुठे कुठे पाट्या लावल्या असतील, त्यांच्यावर धागे निघत नाहीत. हे सगळं जनसंपर्काचं कसब आहे. त्याला कला म्हणायचं असेल तर आमच्या गल्लीतले नगरसेवक कधीच गुगेनहाइममध्ये पोचायला हवे होते.

---

शिल्पी

तिरकस यांच्याशी अर्धा सहमत, आणि माझा अर्धा वेगळा आहे.

मी मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिल्पकला शिकलो, आयुष्य मातीत आणि प्लास्टरमध्ये गेलं. तेव्हा कात्तेलानवर राग असणं ओघाने आलंच. राग त्याने हाताने काही न करण्याचा नाही. कांस्य ओतणारे, दगड कोरणारे कारागीर सगळ्यांकडेच असतात, मोठमोठ्यांकडेही होते. राग वेगळ्या गोष्टीचा आहे.

'ला नोना ओरा' (१९९९) : पोप जॉन पॉल दुसरे उल्का लागून कोसळलेत, हातात क्रूसाचा दंड घट्ट धरलेला, चेहऱ्यावर वेदना. 'हिम' (२००१) : मागून बघितलं तर शाळकरी पोरगा गुडघे टेकून प्रार्थना करतोय, पुढे जाऊन बघावं तर चेहरा हिटलरचा. दोन्ही कामं चालतात ती चेहऱ्यांच्या जोरावर. ते चेहरे केले पॅरिसच्या दानिएल द्रुए यांनी. ग्रेव्हँ मेण संग्रहालयासाठी पुतळे करणारा हा जुना, खंदा शिल्पकार. 'हिम' २०१६ साली ख्रिस्तीजच्या लिलावात १ कोटी ७२ लाख डॉलरला गेलं. संग्रहालयातल्या पाटीवर द्रुएचं नाव नाही.

कल्पना कात्तेलानची, हे मान्य. पण त्या हिटलरच्या डोळ्यांत ओलावा आहे की नाही, हे ठरतं शिल्पकाराच्या अंगठ्याने. तेवढी एक ओळ पाटीवर लिहिली तर कुणाचं काय जातं?

---

काळा कोट

शिल्पीकाका, ते प्रकरण कोर्टात गेलं होतं. जाणकारांना ठाऊक असेल, बाकीच्यांसाठी सांगतो.

द्रुएंनी पॅरिसमध्ये दावा लावला : हे पुतळे माझे, मला त्यांचा एकमेव कर्ता माना. दावा कात्तेलानची कामं विकणाऱ्या पेरोतां गॅलरीवर, तिच्या प्रकाशन विभागावर आणि जिथे प्रदर्शन झालं त्या संग्रहालयावर. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. गंमत अशी की खुद्द कात्तेलानला त्यांनी प्रतिवादी केलंच नव्हतं. ज्याचं कर्तेपण नाकारायचं त्यालाच वगळून दावा कसा टिकणार? शिवाय पुतळा कसा, कुठे, कोणत्या कोनात, खोलीत कुठल्या बाजूला ठेवायचा, प्रेक्षकाला आधी पाठ दिसेल की चेहरा, या सूचना कात्तेलानकडून आल्या होत्या, हेही न्यायालयाने नोंदवलं.

तेव्हा पाटीवर नाव असावं की नाही, हा तुमचा प्रश्न न्यायालयाने सोडवलेला नाही. तो शिष्टाचाराचा प्रश्न आहे आणि त्यात मी तुमच्या बाजूला.

---

मिलानकर

कामानिमित्त बरीच वर्षं मिलानमध्ये आहे, म्हणून दोन शब्द.

इथल्या शेअर बाजाराच्या इमारतीसमोर, पियाझ्झा अफारीत, कात्तेलानचा प्रचंड पांढरा हात उभा आहे. इटलीतल्या करारा गावचा संगमरवर, चबुतऱ्यासकट ११ मीटर. २०१० साली बसवला. बाकीची बोटं मुळापासून तुटलेली, उरलंय ते फक्त मधलं. लोक म्हणतात शेअर बाजाराला शिवी दिली. प्रत्यक्ष चौकात उभं राहिलात की लक्षात येतं, बोट इमारतीकडून बाहेर आहे. म्हणजे बाजारच तुम्हा-आम्हाला दाखवतोय, असंही वाचता येतं. शिवाय ती इमारत मुसोलिनीच्या काळातली. सरळ ताठ पंजा म्हणजे फॅसिस्ट सलाम. त्याची बोटं तोडली की जे उरतं ते हे. तीन-चार अर्थ एका हातात, आणि खाली एका शब्दाचं स्पष्टीकरण नाही.

काही आठवड्यांसाठी म्हणून आणलेला हात आज शहराचा झालाय. माझ्या ऑफिसातली मंडळी पाहुण्यांना ड्युओमोनंतर (इथलं मुख्य चर्च) तिथेच नेतात. त्याने काय शिकलं याचं माझं उत्तर : जागा वाचायला शिकला.

---

बाजारबुणगा

केळ्याची बाजू कुणीच घेत नाहीये, तर मी घेतो. पैशाच्या अंगाने.

डिसेंबर २०१९, मायामी बीचची कला-जत्रा, पेरोतां गॅलरीचा गाळा. कामाचं नाव 'कॉमेडियन'. तीन प्रती. पहिल्या दोन १ लाख २० हजार डॉलरला गेल्या, मागणी बघून तिसरीची किंमत वाढवली. विकत घेणाऱ्याला काय मिळतं? एक प्रमाणपत्र आणि सूचनापत्र : केळं कसं चिकटवायचं, जमिनीपासून किती उंचीवर (१७५ सेंटिमीटर), कधी बदलायचं. केळं आणि चिकटपट्टी तुमची तुम्ही आणायची. एक प्रत नंतर देणगी म्हणून गुगेनहाइमकडे गेली. साठवणीचा खर्च शून्य, म्हणून संग्रहालयवाले खूशच असतील.

नोव्हेंबर २०२४, सदबीजचा लिलाव, न्यूयॉर्क. अंदाज १० ते १५ लाख डॉलर. गेलं ६२ लाखांना. घेणारा जस्टिन सन, आभासी चलनाचा व्यापारी. त्याने पत्रकारांसमोर हाँगकाँगमध्ये ते खाल्लं. तो ज्या धंद्यात आहे तिथेही वस्तू हातात येत नाही, फक्त नोंद असते. गिऱ्हाईक आणि माल एकमेकांना इतके शोभताना मी तरी पाहिले नाहीत.

आणि बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट : त्या ६२ लाखांतला एक पैसा कात्तेलानला मिळाला नाही. अमेरिकेत पुनर्विक्रीत कलावंताचा हक्काचा वाटा नसतो.

---

चिवडा

म्हणजे जळगावचा शेतकरी आणि कात्तेलान, दोघांचीही कथा एकच. माल आपला, भाव व्यापाऱ्याचा.

---

नानी

@चिवडा, हसून हसून पुरेवाट!

पण बाजारबुणगे भाऊ, ते केळं मुळात विकणाऱ्याचं सांगा की. लिलावाच्या इमारतीबाहेर फुटपाथवर गाडी लावणारा म्हातारा बांगलादेशी माणूस. ३५ सेंटला विकलं त्याने. पत्रकाराने जाऊन सांगितलं की तुझं केळं ६० लाखांवर गेलं, तर त्याला रडू फुटलं. ती बातमी वाचल्यापासून मला त्या कलाकृतीकडे बघून हसू येत नाही. सन साहेबांनी त्याच्याकडून एक लाख केळी घ्यायची घोषणाही केली. एक लाख केळी फुटपाथवरच्या गाडीवर आणायची कुठून, याचा विचार कोण करतो!

---

कोपऱ्यातला

नानी, म्हणूनच मला त्याचं १९९१ चं काम महत्त्वाचं वाटतं, केळ्यापेक्षाही. तेव्हा इटलीत आफ्रिकेतून येणाऱ्या मजुरांविरुद्ध वातावरण तापत होतं. कात्तेलानने सेनेगलहून आलेल्या कामगारांचा फुटबॉल संघ उभा केला आणि त्यांच्या जर्सीवर प्रायोजक म्हणून एका काल्पनिक कंपनीचं नाव छापलं : 'राउस'. जर्मनमध्ये ती आरोळी आहे, 'चालते व्हा!' संघ खरोखरचे सामने खेळला. हरलाही बऱ्याचदा. जोडीला एक लांबलचक टेबल-फुटबॉल बनवलं, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा माणसं उभी राहून खेळतील असं. बोलोन्यातल्या आधुनिक कला संग्रहालयात एका बाजूला आफ्रिकन कामगार आणि दुसऱ्या बाजूला स्थानिक इटालियन खेळाडू उभे करून सामना लावला.

ट्रकवाल्याचा मुलगा आहे तो. मजुरी म्हणजे काय ते पुस्तकातून शिकलेला नाही.

शिल्पीकाका, दुसऱ्याच्या हातून काम करून घेण्याबद्दल : इटलीत ही वाट जुनी आहे. तुरिनचा आलिघिएरो बोएत्ती, तोही कलाशाळेबाहेरचाच. त्याचे भरतकाम केलेले जगाचे नकाशे अफगाण बायकांच्या हातचे. समुद्र कुठल्या रंगात भरायचा हेही कधी कधी त्यांच्यावर सोडलेलं. पिएरो मांझोनीने १९६१ मध्ये 'कलावंताची विष्ठा' असं लेबल लावून ९० डबे बंद केले आणि तेवढ्याच वजनाच्या सोन्याचा भाव लावला. केळं या घराण्यातलं आहे. अचानक झाडावरून पडलेलं नाही.

---

शिल्पी

बोएत्तीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्या नकाशांच्या कडांवर फारसी मजकूर आहे, भरतकाम करणाऱ्यांच्या जगाची खूण कापडावर राहिलेली आहे. द्रुएची काय राहिली?

---

डॉ. फुकटे

मी शवविच्छेदनाच्या विभागात काम करतो, त्यामुळे माझं लक्ष शवागाराच्या उल्लेखावर अडकलं.

कात्तेलानच्या कामात मेलेले प्राणी आणि माणसं फार. भुसा भरलेली खार, इवल्याशा स्वयंपाकघरात टेबलावर डोकं टेकून बसलेली, पायाशी पिस्तूल, मागे सिंकमध्ये खरकटी भांडी (१९९६). छताला पट्ट्यांनी टांगलेला घोडा, पाय ओढून लांबवलेले (१९९७). आणि २००७ चं 'ऑल' : जमिनीवर ओळीने नऊ प्रेतं, चादरी पांघरलेली. सगळं कराराचा संगमरवर.

या शेवटच्या कामाचे जवळून काढलेले फोटो बघा. चादर नाकावर टेकते, छातीवर ताणते, पावलांच्या टोकाशी तंबूसारखी उभी राहते आणि घोट्यांच्या मध्ये खोल बसते. पोटावरची घडी वेगळी, कुशीवर पडलेल्याची वेगळी. हे शरीरशास्त्राच्या पुस्तकात नसतं. रोज चादर टाकणाऱ्याला आणि उचलणाऱ्यालाच दिसतं. दगड कोरणारे कारागीर निष्णात असतील, पण 'इथे खोल, इथे ताण' हे सांगणारा कुणीतरी असावा लागतो. त्याचं प्रशिक्षण कुठे झालं असेल याबद्दल मला शंका नाही. तो स्वतः मात्र असलं काही थेट सांगत नाही, टोलवतो. तेव्हा हा माझा तर्क समजा.

त्या स्वयंपाकघराबद्दलही. टेबल, सिंक, गिझर, सगळं गरीब घरातलं. खार बघून आधी हसू येतं, मग भांड्यांकडे लक्ष जातं.

---

उर्मी

डॉक्टर, हा प्रतिसाद वाचनखुणांत साठवला.

मुंबईत २०२३ मध्ये नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्राच्या आर्ट हाउसमध्ये 'टॉयलेटपेपर'चं प्रदर्शन होतं, ते मी पाहिलंय. 'टॉयलेटपेपर' म्हणजे कात्तेलान आणि छायाचित्रकार पिएरपाओलो फेरारी यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं चित्रांचं मासिक. मजकूर नाही, जाहिरात वाटावी असे चकचकीत फोटो आणि प्रत्येकात कुठेतरी काहीतरी बिनसलेलं.

माझा अनुभव संमिश्र. चार मजले, भडक रंग, शिरायला-बसायला खोल्या, आणि जो तो सेल्फीत. मुलांना प्रचंड आवडलं. मला तासाभराने साखर जास्त झाल्यासारखं वाटलं. खारीच्या स्वयंपाकघरातली गप्प करणारी जी गोष्ट डॉक्टर सांगतायत, ती तिथे नव्हती. मासिकात पान उलटताना जो धक्का बसतो तो भिंतभर मोठा केला की वॉलपेपर होतो. तिथून घरी आल्यावर मी त्याची जुनी कामं शोधून वाचली, हा फायदा मात्र झाला.

---

तिरकस

उर्मीताईंनी बरोबर जागेवर बोट ठेवलं. शेअर बाजाराला मधलं बोट दाखवणारा शेवटी अब्जाधीशांच्या दालनात. शिवाय १८ कॅरेट सोन्याचा संडास केला, त्याचं नाव 'अमेरिका'. श्रीमंतांची खिल्ली श्रीमंतांकडूनच पैसे घेऊन.

---

बाजारबुणगा

तिरकसराव, त्या संडासाचा इतिहास पूर्ण ऐका, तुम्हालाच मजा येईल.

२०१६, गुगेनहाइम. साध्या स्वच्छतागृहातलं चिनीमातीचं भांडं काढून तिथे सोन्याचं, चालू नळजोडणीसकट. तिकीट काढलेल्या कुणीही रांग लावावी आणि वापरावं. लाखावर लोकांनी वापरलं. पुढच्या वर्षी ट्रम्प यांच्या व्हाइट हाउसने संग्रहालयाकडे व्हॅन गॉगचं एक चित्र उसनं मागितलं. क्युरेटर नॅन्सी स्पेक्टर यांनी कळवलं की ते देता येणार नाही, हवा असल्यास सोन्याचा संडास देऊ.

मग २०१९ मध्ये तो इंग्लंडला ब्लेनहाइम राजवाड्यात गेला, चर्चिल जन्मले त्या खोलीशेजारी. प्रदर्शन सुरू झाल्याबरोबर, पहाटे, चोरांनी घणाने उखडून पाच मिनिटांत पळवला. नळ तुटल्याने राजवाड्यात पाणी झालं. २०२५ मध्ये काही आरोपी दोषी ठरले, पण सोनं परत मिळालेलं नाही. बहुधा वितळून बाजारात गेलं.

ज्याने कारकिर्दीच्या सुरुवातीला अदृश्य कलाकृतीच्या चोरीची खोटी तक्रार केली, त्याची शंभर किलोची कलाकृती खरोखर चोरीला जावी! सुरुवातीला लोकांना हा त्याचाच बनाव वाटला, यात नवल काय.

---

वेदांती

भारताशी संबंधित एक काम कुणीच काढलं नाही. १९९९ ची व्हेनिस बिएनाले, कामाचं नाव 'मदर'. कात्तेलानने एका भारतीय फकिराला आणलं आणि वाळूखाली पुरलं. वर फक्त जोडलेले दोन हात. नमस्कार. आज त्याचं कृष्णधवल छायाचित्र उरलंय.

मला ते छायाचित्र विलक्षण वाटतं आणि त्याच वेळी खटकतं. सेनेगलच्या कामगारांना जर्सी मिळाली, मैदान मिळालं. इथे माणूस निनावी, चेहरा नाही, 'पूर्वेकडचा चमत्कार' म्हणून युरोपच्या जत्रेत मांडलेला. सर्कशीत असे खेळ शंभर वर्षं चालत होते. शीर्षकात आई आहे (त्याची आई तो तरुण असतानाच गेली), म्हणजे खासगी दुःख असणार. ते वाहायला आपलाच माणूस का लागावा?

---

मिलानकर

वेदांती, खटकण्याबद्दल सहमत. फक्त एक जोड देतो. २०२४ च्या बिएनालेत व्हॅटिकनचं दालन जुदेक्का बेटावरच्या महिला तुरुंगात होतं. तिथल्या प्रार्थनाघराच्या दर्शनी भिंतीवर कात्तेलानने दोन भल्यामोठ्या मळक्या तळपायांचं चित्र लावलं. नाव : 'फादर'. तिथे हात, इथे पाय; दोन्हीकडे चेहरा नाही. मी ते कालव्याच्या काठावरून पाहिलं. आत जायला आधी नाव नोंदवावं लागत होतं, फोन दारातच जमा, आणि माहिती सांगायला कैदी स्त्रियाच.

आणि लक्षात घ्या, बोलावणारं कोण? व्हॅटिकन. ज्याने पोपला उल्का मारली त्याला. त्या वर्षी पोप फ्रान्सिस स्वतः तिथे आले, बिएनालेला जाणारे पहिले पोप.

---

काळा कोट

पोपवरून : हेच उल्केचं काम डिसेंबर २००० मध्ये वॉर्सातल्या झाखेंता कलादालनात होतं. पोप पोलिश, देश कॅथलिक. दोन खासदार आत शिरले, अंगावरचा दगड काढला आणि पुतळ्याला उभं करायचा प्रयत्न केला. गदारोळ वाढून संचालिका आंदा रोटेनबर्ग यांना पद सोडावं लागलं.

मिलानमध्ये २००४ साली त्याने चौकातल्या ओकच्या झाडाला तीन मुलांचे पुतळे फासावर लटकवले होते. एक माणूस शिडी लावून चढला, दोन कापून खाली आणले आणि स्वतः पडून जखमी झाला. कलाकृती आणि माणूस यांतला फरक त्या क्षणी दोन्ही ठिकाणच्या लोकांच्या लेखी नव्हता. शिल्पीकाका, द्रुएंच्या चेहऱ्यांची ताकद म्हणाल तर पोपच्या बाबतीत ती इथे दिसते.

---

शिल्पी

काळा कोट, हे बरं सांगितलंत. ती ओळ पाटीवर असायला हवी, एवढंच परत म्हणतो.

---

अर्धवटराव

उशिरा आलो, सगळे प्रतिसाद वाचले. मूळ प्रश्न बाजूला पडलाय : शिकला काय?

मिलानकर म्हणतात जागा, डॉक्टर म्हणतात प्रेतं, कोपऱ्यातले म्हणतात पळ काढणं. माझ्या मते तो प्रदर्शन नावाचं यंत्र शिकला. पुर्जा पुर्जा सुटा करून. १९९० मध्ये 'फ्लॅश आर्ट' या मिलानच्या नावाजलेल्या कला-मासिकाचे अंक घेऊन त्यांचं मुखपृष्ठ बदललं आणि त्यावर स्वतःचंच काम छापलं. म्हणजे प्रसिद्धी हा पुर्जा. १९९६ मध्ये ॲमस्टरडॅमला बोलावलं तर शेजारच्या गॅलरीतला सगळा ऐवज रात्रीतून उचलून स्वतःचं प्रदर्शन म्हणून मांडला. पोलिसांच्या धमकीनंतर परत केला. मालकी हा पुर्जा. १९९९ मध्ये मिलानचे गॅलरी-मालक मास्सिमो दे कार्लो यांना चिकटपट्ट्यांनी भिंतीला चिकटवलं, बिचाऱ्यांना नंतर दवाखान्यात न्यावं लागलं. विक्रेता हा पुर्जा. (केळ्यावरची पट्टी वीस वर्षं जुनी आहे, हे यावरून कळावं.) त्याच वर्षी कॅरिबियन बेटावर 'सहावी कॅरिबियन बिएनाले' भरवली. आधीच्या पाच कधी झाल्याच नव्हत्या. ओलाफर एलियासन, गॅब्रिएल ओरोझ्को असे नामवंत गेले, आठवडाभर सुट्टी घालवली, कलाकृती एकही नाही. मुलाखती द्यायला कित्येकदा स्वतःऐवजी मित्र मास्सिमिलियानो जिओनीला पाठवायचा, तोच कात्तेलान म्हणून बोलायचा.

२००२ मध्ये न्यूयॉर्कच्या चेल्सीत जिओनी आणि ॲली सबॉटनिकसह 'राँग गॅलरी' काढली. काचेचं दार आणि त्यामागे जेमतेम माणूस उभा राहील एवढी जागा, बहुतेक वेळ कुलूपबंद. याच तिघांना २००६ ची बर्लिन बिएनाले सोपवली गेली. ज्याला कलाशाळेने घेतलं नसतं, त्याच्या हाती शहराचं प्रदर्शन.

२०११ चं गुगेनहाइमही बघा. कारकिर्दीचा आढावा म्हणजे सालवार, भिंतीवार मांडणी. त्याने जवळजवळ सगळी कामं, सव्वाशेवर, घुमटाखालच्या पोकळीत दोरांनी टांगली. पोप, हिटलर, घोडा, खार, सगळे एकाच घोसात. चढत्या वळणावरून फिरताना दर मजल्यावर नवं कुणीतरी समोर येतं, महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं काही उरत नाही. मग जाहीर केलं की आता निवृत्त. पाच वर्षांनी संडास घेऊन परत.

तिरकसरावांच्या 'बाकीचे शंभर' या मुद्द्याचं उत्तर माझ्या मते इथे आहे. पाटी एकदा लावणं सोपं. तीस वर्षं प्रत्येक वेळी वेगळ्या दाराला लावणं अवघड.

---

तिरकस

अर्धवटराव, मुद्देसूद. हा प्रतिसाद मान्य. संडास अजून अमान्य.

---

साळुंकी

प्रश्न विचारू का? मुलगी बारावीला आहे, चित्रं बरी काढते, पण म्हणते की कॉलेजात जाऊन काय होतं, कात्तेलान बघ, आंदो बघ (जपानचा तो वास्तुविशारद). प्रवेशपरीक्षेचा अर्जच भरत नाहीये. काय सांगू?

---

शिल्पी

ताई, अर्ज भरायला लावा. कात्तेलानने शाळा सोडून जे केलं ते वाचलंत ना वर? शवागार, मग फर्निचर. तिशीपर्यंत मजुरी. तेवढी तयारी असेल तर विचारा तिला. नसेल तर जेजेत निदान ओतकाम शिकेल, चार मित्र मिळतील, वाचनालय आहे. वर्षभराने नाही पटलं तर सोडता येतं, न गेलेल्याला सोडता येत नाही.

---

कोपऱ्यातला

साळुंकीताई, काकांशी सहमत. आणि आंदोही बॉक्सिंग करत होते, प्रवास करत होते, पुस्तकं विकत घेऊन त्यातले आराखडे गिरवत होते. घरी बसून नव्हते.

---

साळुंकी

धन्यवाद दोघांनाही. बॉक्सिंगचं सांगितलं तर तेच करीन म्हणेल, तेवढं गाळते. मिलानकर, पुढल्या मे महिन्यात आम्ही तिघं इटलीला येतोय. तो हात बघायला तिकीट लागतं का?

---

मिलानकर

नाही, उघडा चौक आहे. कोर्दुसिओ मेट्रो स्थानकावर उतरा, तिथून चालत पाच मिनिटं. रविवारी सकाळी या, कामाच्या दिवशी चौकात गर्दी असते. व्यक्तिगत निरोप करा, जवळची चांगली कॉफीची जागा सांगतो.